नवव्या पानावर

मालनची बोटं नवव्या पानावर थांबली.

जयवंत ओट्यापाशी चहा गाळत होता. लालबागच्या त्या दोन खोल्यांत टायपिंग बंद पडलं की स्वयंपाकघरात लगेच कळायचं. एखादा शब्द लागला नसेल, त्यानं मनाशी म्हटलं. पण हे काही खरं नव्हतं. त्याचं अक्षर खुद्द त्याला लागायचं नाही, मालनला मात्र गेली सव्वीस वर्षं बिनचूक लागत होतं.

गिरगावातला छापखाना बंद होईपर्यंत ती तिथं डीटीपी करायची. आता फक्त नवऱ्याच्या कथा टाइप करी. मी अक्षरं बघते, गोष्ट बघत नाही, असं तिनं लग्नानंतर लगेच सांगून टाकलं होतं. जयवंत तसा सगळ्यांच्या मताला घाबरणारा माणूस. ह्या एका वाक्याच्या भरवशावर मात्र तो शेर झाला होता. तिचं चालणं, तिचे रुसवे, फोनवर बहिणीशी बोलतानाचा तिचा आवाज, सगळं त्यानं बिनदिक्कत उचलून कथांत घातलं आणि तिच्याच हातून टाइप करून घेतलं.

ह्या कथेतही उचलेगिरी होतीच. मालन दर मंगळवारी चालत प्रभादेवीला सिद्धिविनायकाला जायची, म्हणून कथेतली बाईही जायची. पुढचं सगळं त्याच्या डोक्यातलं होतं. ही बाई देवळात पोचतच नाही. ती परळच्या हॉस्पिटलात नंबर हातात धरून बसते आणि घरच्यांना संशय नको म्हणून येताना दुकानातून पेढे घेऊन येते. पेढ्यांची कल्पना त्याला फारच आवडली होती. दिवाळी अंक काढणाऱ्या निलेशला, म्हणजे त्याच्या कॉलेजपासूनच्या मित्राला, त्यानं ती फोनवरच ऐकवली. निलेशलाही आवडली. शेवटी बाईला मार, म्हणाला, वाचकाचा रुमाल निघाला पाहिजे. आज रविवार, पाच वाजेपर्यंत कथा त्याला पोचवायची होती.

आता मालन भांडणार, असं धरून जयवंतनं उत्तर तयार ठेवलं. सगळेच लेखक घरातलं घेतात, वगैरे. कप घेऊन तो बाहेर आला.

मालन रागावलेली दिसत नव्हती. तिचं बोट कागदावरच्या एका ओळीवर होतं. ओळ पेढ्यांची होती.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? सुचलं."

"वैभवनं सांगितलं ना?"

वैभव त्यांचा मुलगा. माणसांच्या मनातलं ओळखतो म्हणून ज्याची वर्तमानपत्रांत तारीफ यायची, त्या जयवंतला बायकोचं हे वाक्य कळायला बराच वेळ लागला. पेढे खरे होते, हॉस्पिटलही खरं होतं. कप टेबलावर ठेवताना निम्मा चहा बशीत सांडला. गेल्या मंगळवारचे पेढे त्यानं ह्याच टेबलाशी, ही कथा लिहिता लिहिता संपवले होते.

"कधीपासून?"

"एप्रिलपासून. सांगणार होते. तुमची कादंबरी चालली होती."

ती हे अगदी सरळ बोलली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. डॉक्टर काय म्हणतात, हे त्यानं विचारलं. आत्ता काही सांगत नाहीत, ती म्हणाली. तुकडा काढून तपासायला पाठवलाय. मंगळवारी रिपोर्ट मिळेल.

त्याला तिचा हात धरायचा होता. पण ती कागद चाळायला लागली होती. तिनं दहावं पान काढलं आणि बोट न उचलता शेवटपर्यंत वाचलं. तिला गोष्ट वाचताना तो आज पहिल्यांदा पाहत होता. पान संपलं, गोष्ट संपली नाही. तिनं टेबलावर पाहिलं, टेबलाखाली पाहिलं.

"अकरावं?"

अकरावं पान त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं. चहा उकळेपर्यंत शेवटच्या ओळीवरून हात फिरवावा म्हणून तो ते ओट्यापाशी घेऊन गेला होता. निलेशला हवं तेच त्यावर होतं. सहा ओळींत आटोपलं होतं, आणि सकाळी ती ओळ जमली तेव्हा तो खूश होऊन अंघोळीला गेला होता.

"अजून लिहिलं नाही," जयवंत म्हणाला.

मालननं त्याच्या खिशाकडे पाहिलं. सदरा पातळ होता, निळी शाई आरपार दिसत होती. तेवढ्यात त्याचा फोन वाजायला लागला. निलेशचा होता. तो वाजून वाजून बंद पडेपर्यंत दोघंही हलली नाहीत.

मग तिनं खुर्ची पुढं ओढली, दहाव्या पानापर्यंतचं राहिलेलं टाइप केलं आणि बोटं कळांवरच ठेवली.

"तोंडी सांगा. मी टाइप करते."

जयवंत तिच्या शेजारी टेकला. इतक्या वर्षांत कितीतरी माणसं त्यानं कागदावर मारली, जगवली, बोटीत बसवून पाठवून दिली. कधी कचरला नव्हता. आज एक वाक्य बोलायची त्याला भीती वाटत होती.

"मंगळवारी," तो म्हणाला, "मंगळवारी सकाळी दोघं घरातून निघाली."

"दोघं?"

"दोघं."

तिनं ते टाइप केलं. पूर्णविराम दिला. स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"पुढं?" मालननं विचारलं.