एकच अर्थिंग

वामनरावांच्या पायांना तेल चोळण्याआधी उमाबाई रोज आपला कृत्रिम कान बंद करत. त्यांचा कान आणि वामनरावांचं बारा व्होल्टांवर चालणारं हृदय, दोन्ही भिंतीतल्या वायरीला जोडलेली. एकमेकांना हात लागला की उमाबाईंच्या कानात नुसती घरघर उठे.

चोळताना वामनरावांचे ओठ हलत. नामस्मरण चाललं असेल, मध्ये कशाला बोला, म्हणून उमाबाईंनी इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही.

आज दुरुस्तीवाली शबाना आली. "आजी, दोघांचं अर्थिंग वेगवेगळं आहे, म्हणून घरघर. मी एकाच जागी जोडते. पण वायर पलंगापुरतीच पुरेल हं."

"मी तरी कुठे जाते, बाई? ह्यांचं नाम कानावर पडलं की झालं."

संध्याकाळी उमाबाईंनी कान चालू ठेवूनच पायाला हात लावला. घरघर नव्हती. एक पाय चोळून होत आला, तसे वामनराव डोळे मिटूनच पुटपुटले, "पुरे गं आता, दमतेस. रोज सांगतो, ऐकतच नाहीस."

उमाबाई खरंच दमल्या होत्या. दुसरा पाय राहिला होता. त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली, "बरं" म्हणाल्या आणि त्यांच्याशेजारी आडव्या झाल्या.