थेंबाचा नेम

"काका, हलू नका. नोंद बिघडते," पडद्यावरची नजर न काढता डॉक्टर म्हणाल्या.

"न हलता आलं असतं, तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?" शेजारच्या खुर्चीतून त्याची बायको म्हणाली.

तो हसला नाही. बाजारातली वजनमापं तपासण्यात त्याची उभी नोकरी गेली होती. खोट्या काट्यावर हसायची त्याला सवय नव्हती. आणि पडद्यावरचा हा काटा खोटा आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नव्हती.

त्याच्या मेंदूत एक बारीक तार होती आणि छातीवर, कातडीखाली, तिची बॅटरी. पूर्वी ती तार मेंदूला अखंड वीज देई. त्याने कंपवाताने थरथरणारा हात थांबला, पण जीभ जड झाली. नजर अधू होत चाललेल्या बायकोला त्याचा चेहरा धूसर दिसे. आवाज तेवढा ओळखीचा उरला होता, तोही गेला. म्हणून नवी पद्धत आली. आता तार आधी ऐकते आणि मग देते. मेंदूतली आजाराची लहर चढली की वीज वाढते, उतरली की कमी होते. आवाज परत आला. आलेख गुळगुळीत झाले. फक्त बायकोच्या डोळ्यात औषध घालताना हात थरथरू लागला. घरात तिसरं माणूस नव्हतं, आणि तिचा स्वतःचा नेम गालाच्या पलीकडे जात नव्हता. थेंब चुकत होते, तशी तिची नजर जात होती. गेलेली परत येणारी नव्हती.

"घरच्या नोंदी उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "यात त्रास कुठे दिसत नाही."

"दिसत नाही, हाच त्रास आहे," तो म्हणाला.

बायकोने पिशवीतून औषधाची बाटली काढून त्याच्या हाती दिली, चष्मा उतरवला आणि मान मागे टाकली. "घाला हो. बघू देत त्यांना."

त्याने बाटली उचलली. हात थरथरला. पडद्यावरची लहर मात्र शहाण्या मुलासारखी खाली बसली, आणि तिच्यामागून विजेचा आकडाही उतरला. हात आणखी थरथरला. एक थेंब भुवईवर पडला, दुसरा कानात गेला.

डॉक्टर पुढे झुकल्या. "हालचाल सुरू झाली की ही लहर उतरतेच. निरोगी माणसातही."

"आणि थरथर?"

त्यांनी पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. "थरथरही हालचालच."

"म्हणजे मी जितका थरथरेन, तितका यंत्राला बरा दिसेन."

"अहो, माझी मान आखडली," बायको म्हणाली. "डोळ्यात काही पडलेलं नाही अजून. की यंत्राच्या मते घालून झालं?"

मेंदूतला दुसरा एखादा संकेत शोधावा लागेल, त्याला वेळ लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. "तोवर जुनीच अखंड वीज लावता येईल. पण जिभेचं तुम्हाला ठाऊक आहेच."

त्याने बायकोच्या वर लागलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"लावा," तो म्हणाला. शब्द स्वच्छ उमटला.

डॉक्टरांनी कळ दाबली. हळूहळू हात शांत झाला. त्याने तिची खालची पापणी बोटाने ओढली आणि बाटली उलटी धरली.

"पडला," डोळा मिटून ती म्हणाली. "बरोब्बर पडला."

तो काहीतरी बोलला.

"काय?"

तो पुन्हा बोलला.

"थांबा हो, मघाचं औषध कानात गेलंय." तिने रुमालाच्या टोकाने कान पुसला, नीट, आतपर्यंत. "हं. आता बोला."