बारा आकडे

कोडमधल्या प्रत्येक बदलाला चाळीस अक्षरांची ओळख असते. आमच्या प्रकल्पातल्या अंगदने पाठवलेल्या पॅचने, म्हणजे दुरुस्तीने, ती दाखवताना चारवर आणली होती. पॅच तपासून मंजुरी मी द्यायची होती. घाटनांदूरहून त्याचा फोन आला. “ताई, करा की मंजूर! चाळीस अक्षरं कोन वाचतंय?” “दोन बदलांची चार अक्षरं जुळली तर?” “आजवर न्हाई जुळली.” माझ्यासमोर वडिलांच्या, आबांच्या, मनगटावरचा दवाखान्याचा पट्टा होता, बारा आकड्यांचा. दोनशे मेंढरं तोंडावरून ओळखणाऱ्या आबांच्या रक्ताच्या नमुन्यावर नर्सने शेवटचे चारच आकडे लिहिले होते. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचेही तेच चार होते. नमुन्यांची अदलाबदल झाली, त्याच्या गटाचं रक्त आबांना चढवलं आणि ते गेले. “असं क्वचितच होतं,” डॉक्टर म्हणाले होते. मी पॅच नाकारला आणि शेऱ्यात पट्ट्यावरचे बाराही आकडे उतरवले. फोन पुन्हा वाजला. “ताई, हा नंबर कशाचा?” “माझ्या आबांचा. पूर्ण वाच.”