एकमताने निवड

आयर्लंडमधल्या त्या गावाचं लोकनृत्य मंडळ डेर्वलाने एकोणीस वर्षं एकटीने, फुकट ओढलं. हॉल झाडण्यापासून वादकांच्या चहापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात.

वार्षिक सभेत फिनबार नावाच्या एका सभासदाने सगळ्यांदेखत तिचे वाभाडे काढले. "नुसता सावळा गोंधळ आहे. माझ्या हातात असतं, तर दाखवलं असतं." लोक माना खाली घालून बसले.

डेर्वला शांतपणे उठली. "फिनबारचं खरं आहे. अध्यक्ष म्हणून मी त्याचंच नाव सुचवते." त्याने नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत टाळ्या पडल्यासुद्धा.

पुढच्या गुरुवारी, नाचाच्या संध्याकाळी, ती नवे बूट घालून आली, मनसोक्त नाचली आणि घामाघूम फिनबारला गाठून गोड आवाजात म्हणाली,


"अध्यक्षसाहेब, बायकांचा संडास तुंबलाय."