गुरुवारची कार्डं

"हे गुरुवारचं आहे, सर." नीलाने कार्ड टेबलावर ठेवलं. "हेही. आणि हे पण."

अण्णासाहेबांनी चष्मा काढला. "बरं मग?"

"गुरुवारी आपल्याकडे वीज नसते. सगळ्या औद्योगिक पट्ट्याला सुट्टी असते, लॅबला कुलूप असतं. मग या प्लेटा मोजल्या कोणी?"

अण्णासाहेबांनी तिन्ही कार्डं जवळ ओढली. त्यांचा चेहरा एकदम उतरला. नीलाला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. महिनाभर कोणाला न सापडलेली गोष्ट तिला भिंतीवरच्या १९७४ च्या जुन्या कॅलेंडरमुळे सापडली होती.

अण्णासाहेब कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख. बसायचे पुण्याच्या हेड ऑफिसात, चिंचवडच्या या लॅबमध्ये आठवड्यातून दोनदा यायचे. देशातल्या पाच लॅबनी मिळून औषधांच्या चाचण्यांचा एक कार्डसंग्रह उभा केला होता. काचेच्या प्लेटांवर औषधाची ताकद मोजायची; एका दिवसाच्या मोजणीचं एक कार्ड, आणि प्रत्येक कार्डाची प्रत पाचही ठिकाणी. चिंचवडचं कपाट नीला सांभाळायची. ही नोकरी तिला अण्णासाहेबांनीच दिली होती.

गेल्या महिन्यात हैदराबादच्या लॅबचं पत्र आलं. चिंचवडची कार्डं सांगतात की हे औषध भर उन्हाळ्यातही ताकद टिकवून धरतं. आमच्याकडे ते तीन महिन्यांत निकामी होतं. औषध तोवर खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांत पोचलेलं होतं. दुसरा कोणी असता तर पत्र दाबून ठेवलं असतं. अण्णासाहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि नीलाला म्हणाले, "आपलं खोटं असेल तर आपणच काढायचं."

आता त्यांनी कार्डाच्या कोपऱ्यात टाइप केलेलं नाव वाचलं. मोजणी : ज्योतीराम.

"नऊ वर्षं इथे असलेला माणूस," ते हळूच म्हणाले.

"म्हणूनच पटत नाही, सर. गुरुवारची सुट्टी ते कसे विसरतील?"

"खोटं लिहिणारा घरी बसून लिहितो. कॅलेंडर कशाला बघेल?" त्यांनी सुस्कारा सोडला. "त्याच्या वहीवरून मी एकेक कार्ड स्वतः टाइप केलं. चूक नको म्हणून टायपिस्टलासुद्धा हात लावू दिला नाही. आणि मलाच कळलं नाही."

ज्योतीरामला बोलावलं. औशाकडचा माणूस, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच इकडे आलेला. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"ह्ये आकडे माझे न्हाईत, साहेब. माझ्या वहीत असं नव्हतं."

"त्या वह्या पुण्याच्या गोदामात वाळवीने खाल्ल्या, ज्योतीराम. नाहीतर मीच तुझ्या बाजूने उभा राहिलो असतो."

ज्योतीरामने नीलाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"पोलिसांत देणार नाही," अण्णासाहेब म्हणाले. "राजीनामा दे. नीला, त्याची चुहात्तरच्या उन्हाळ्याची सगळीच कार्डं काढ. निम्मी खरी, निम्मी खोटी असं ठेवता येत नाही."

मार्च ते जुलै. एकशे चौदा कार्डं. नीलाने प्रत्येकावर 'रद्द' असा शिक्का मारला, यादी केली आणि चार लॅबना रजिस्टर्ड पत्रं धाडली. पत्रात ज्योतीरामचं नाव तिने सगळ्यात शेवटी लिहिलं. हे नाव पाच शहरांत पोचलं की या माणसाला पुन्हा कोणत्याच लॅबचं दार उघडणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पण खोटं ते खोटं, असं तिने स्वतःला बजावलं.

निघताना अण्णासाहेब थांबले. "फार मनाला लावून घेऊ नकोस. रविवारी घरी जेवायला ये. तेवढाच एक दिवस मी मोकळा असतो."

"रविवारी आमची लॅब चालू असते, सर."

"अरे हो. मी नेहमी विसरतो." ते ओशाळून हसले आणि गाडीत बसले.

दोन दिवसांनी ज्योतीराम किल्ल्या द्यायला आला. त्याने त्या टेबलावर ठेवल्या, पण तो जाईना.

"बाई, सगळी काढलीत, माझं काय म्हणणं न्हाई. पर बारा मेचं येक कार्ड ठिवा."

"असं एखादं ठेवता येत नाही हो."

"त्या दिशी लेकीचं लगीन होतं, सांगवीत. अक्षता दुपारच्या. मी सकाळी हितं आलो, प्लेटा मोजल्या, मंग मांडवात गेलो. बायकू रुक्मिणी आजून बोल लावती मला त्याच्यापायी." त्याने किल्ल्या तिच्याकडे सरकवल्या. "तेवढं तरी खोटं म्हनू नगा."

तो गेला. नीलाला राहवेना. कार्ड ठेवता येणार नव्हतं, पण निदान एकदा पाहावं म्हणून तिने गठ्ठ्याची सुतळी सोडली.

अकरा मे. पुढचं कार्ड तेरा मे.

चिकटलं असेल म्हणून तिने दोन्ही कार्डं नखाने सोडवून पाहिली. गठ्ठा पुन्हा मोजला. एकशे चौदा, बरोबर. मग तिने भिंतीवरचं जुनं कॅलेंडर खाली उतरवलं. बारा मे, रविवार. त्याच्या आधीचा पाच मे. तेही कार्ड नव्हतं. एकोणीस मे. तेही नाही.

ती मार्चच्या पहिल्या कार्डापासून पुन्हा सुरुवात करून, टाइप केलेली एकेक तारीख कॅलेंडरवर बोटाने लावत जुलैपर्यंत गेली.

एकशे चौदा कार्डांत एकोणीस गुरुवार होते. रविवार एकही नव्हता.