वरून प्यालेलं पाणी

"आज कोणची घाई काढता, भाऊ?" पाण्याचा गिलास पुढे करत अंबूबाईने विचारलं.

भगवंतरावांनी डबा ओट्यावर ठेवला. दर रविवारी उपासना आटोपली की ते चर्चमधून थेट गावाच्या टोकाच्या या घरी येत. नऊ वर्षं झाली. डबा द्यायचा, दोन शब्द प्रार्थना करायची, निघायचं. पाणी पुढे आलं की ठरलेलं उत्तर, "राहू द्या, घाई आहे." अंबूबाईचा कुष्ठरोग कधीचाच बरा झालेला. बोटं तेवढी परत आली नव्हती. हा रोग असा लागत नाही हो, असं साऱ्या मंडळीला समजावलं होतं ते भगवंतरावांनीच. चर्चमध्ये साक्ष द्यायला उभे राहिले की पहिल्या डब्याचा दिवस ते तारखेसकट सांगत. बारा जून.

आज मात्र ते ओट्यावर टेकले.

"आज पाळकसाहेब काय म्हणे, आत्म्याचं तारण कमावता येत नाही. ते भेट असते, निस्ती हात पुढं करून घ्याची. मंग माह्या डब्याचं काय, अंबूबाई? ऊन पाह्यलं नाही, पाऊस पाह्यला नाही. काऊन आलो मी इतकी वर्षं?"

"भाजी चांगली असते तुमची," अंबूबाई हसून म्हणाली. "मीठ थोडं कमी पडते." मग हसायची थांबली. "देवाघरचं मले काय समजते, भाऊ? पर तुमाले द्याले येते. घ्याले येत नाही."

बाहेर चैत्राचं ऊन, आत घशाला पडलेली कोरड. पहिल्यांदाच भगवंतरावांनी तो गिलास घेतला. घेतला आणि नकळत उंच धरला. ओठ न लावता धार सोडली. पाणी नाकात गेलं, पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं. ठसका लागला.

अंबूबाईने पाहिलं. रागावली नाही. तेच भगवंतरावांना जास्त लागलं.

"वरून नका पिऊ," ती हळूच म्हणाली. "माहं तोंड नाही लागलं त्याले. कोणाचंच नाही लागलं. दर रविवारी राखेनं घासते अन् पालथा घालून ठेवते."

वर बघायची सोय राहिली नव्हती. भगवंतरावांनी मान खाली घातली, तेव्हा गिलासावरची अक्षरं दिसली. भांड्यांच्या दुकानात टिंब टिंब करून कोरून घेतलेली. घासून घासून पुसट झालेली, तरी वाचता येत होती.

'भगवंतरावभाऊंना सप्रेम भेट.'

खाली तारीख होती. तेरा जून. त्या पहिल्या डब्याच्या दुसऱ्याच दिवसाची.