रीलमधला थांबा

नेटवरच्या सतराव्या रेकॉर्डिंगमध्येही तो थांबा नव्हता. कुंदाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"आई, नोटेशनं पण सगळी बघून झाली," कोलोनहून तिची मुलगी स्पृहा फोनवर म्हणाली. "तीन पुस्तकं, तीन वेगळी नावं, सूर तेच. बाबांसारखं कुणीच वाजवत नाही. आल्झो, तर मग, आता बस कर ना."

कुंदाला बस करायचं नव्हतं. जयंतचं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं आणि त्या दिवशी तिला भटजी नको होते, ती आयरिश रील, म्हणजे नाचाची जलद धून, हवी होती, नवऱ्याच्या हातची, नाहीतर निदान त्याच्यासारखी थांबणारी. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये सत्तावीस वर्षं गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणाऱ्या या माणसाने पन्नाशी उलटल्यावर एका पबमधल्या मंडळींकडून व्हायोलिन उचललं. धड आली ती एकच रील. पण तिच्या दुसऱ्या भागात वरच्या सुरावर तो क्षणभर थांबायचा, आणि मगच खाली उतरायचा. जिन्यावर पाय ठेवण्याआधी दिवा लावावा, तसा.

त्याने स्वतःचं वाजवणं कितीदा तरी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. फोन मात्र कंपनीचा. तो गेल्यावर पाचव्या दिवशी कुंदानेच सही करून फोन परत केला, नियम म्हणजे नियम म्हणून. कंपनीनेही नियमाप्रमाणे तो पुसून टाकला. हे आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

पबमधल्या म्होरक्या डीटरकडे ती दोनदा जाऊन आली. आमच्या टेबलावर कुणी रेकॉर्ड करत नाही, कानाने शिकतात, असं त्याने सांगितलं. मग त्याने रील वाजवून दाखवली. सरळ, न थांबता. जयंतने तो थांबा कुठून आणला, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी कपाट आवरताना हाउसफरवाल्टुंगचं, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाचं, एक जुनं पत्र तिच्या हाती लागलं. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ लिंडनरने व्हायोलिनबद्दल तक्रार केली होती, एवढं तिला माहीत होतं. म्हातारीला दुसरा उद्योग नाही, असं कुंदा तेव्हा जयंतला रोज ऐकवायची. पत्र मात्र तिने कधी वाचलं नव्हतं. जर्मन कागद बघायचं काम जयंतचं. शेवटी लिहिलं होतं, की पुराव्यादाखल त्रासाची रोजची नोंद आणि ध्वनिमुद्रणं तक्रारदाराकडे आहेत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कुंदा चपला न घालताच खाली गेली.

फ्राउ लिंडनर ऐंशीच्या घरातली, एकटी बाई. जयंत गेल्यापासून दोघी जिन्यात फक्त मान हलवत. कुंदाने कशासाठी आले ते सांगितलं, तसा बाईचा चेहरा उतरला.

"ते फक्त पुराव्यासाठी होतं," ती म्हणाली. "मी ते केव्हाच पुसायला हवं होतं."

"पुसलंत?"

"नाही."

दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. बाईने टॅबलेटवर बोट ठेवलं. छताआडून यावी तशी दबक्या आवाजात रील सुरू झाली. दुसरा भाग आला, सूर वर चढला, आणि जयंत थांबला. कुंदाला रडू आवरेना. बाईने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि न विचारताच रील पुन्हा लावली.

बाकीची रेकॉर्डिंगं तारखेनुसार आहेत, असं म्हणून तिने नोंदींच्या कागदांची एक फाइल कुंदासमोर ठेवली आणि ती पेनड्राइव्ह शोधायला आत गेली.

कुंदा पानं चाळू लागली. छापील तक्ता, टोकदार अक्षर. तारीख, वेळ, त्रासाचं स्वरूप. १ मार्च, पाच ते साडेपाच, व्हायोलिन. २ मार्च, पाच ते साडेपाच, व्हायोलिन. ३ मार्चला पहाटे जयंत गेला होता. नोंदी तिथेच संपायला हव्या होत्या. तिने पान उलटलं. तेव्हापासून कालपर्यंत, एकही दिवस न गाळता, पाच ते साडेपाच. आणि त्रासाच्या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच शब्द: शांतता.